मालकीचं रान राखायचं काम: करार, मोजणी, वणवा (मुळशी-राजगड-भोर पट्टा)

कातळमाथा (मूळ लेखन)

पुण्याच्या पश्चिमेला मुळशी, वेल्हे (आताचा राजगड तालुका), भोर आणि मावळात डोंगरउतारावर जे जंगल दिसतं ते सगळं वनखात्याचं नाही. त्यातलं बरंच शेतकऱ्यांच्या खात्यावर आहे, कुठे वरकस (उताराची हलकी जमीन) म्हणून तर कुठे पोटखराबा (लागवडीखाली न धरलेलं क्षेत्र) म्हणून. ठेकेदार उभं रान उक्तं घेतो, तोड होते, लाकूड कोळशाला नाहीतर जळणाला जातं. खुंटांना फुटवे येतात आणि दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा कुऱ्हाड लागते. हे चक्र निदान चालत तरी होतं. आता तोडीनंतर जेसीबी येतो, प्लॉट पडतात आणि फुटवे यायला खुंटच राहत नाही.

अशी रानं राखणं म्हणजे मालकाशी करार करायचा, तोड थांबवायची, त्याचा मोबदला द्यायचा आणि दरवर्षी जाऊन बघायचं. या कामात येणारी मंडळी झाडं ओळखायला शिकून येतात. काम अडतं मात्र तलाठी कार्यालयात, म्हणून सुरुवात कागदांपासून.

सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन मिळतात, पण त्यावर थांबू नये. त्या गटाचे सगळे फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) मागे मागे वाचत जायचे. सातबाऱ्यावर आधी 'इतर हक्क'चा रकाना बघा. तिथे 'खाजगी वन' असा शेरा असेल तर हात आखडता घ्या. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम ३० ऑगस्ट १९७५ ला लागू झाला आणि त्यात बसणाऱ्या जमिनी त्या तारखेला शासनाकडे गेल्या. भोगवटादाराच्या रकान्यात अजून आजोबांचं नाव असलं तरी मालक कोण, हा प्रश्न उघडाच असतो. त्या दिवशी एकूण धारण १२ हेक्टरपर्यंत असलेल्यांना कलम २२-अ खाली जमीन परत मिळण्याची तरतूद आहे. तसा आदेश झालाय का आणि त्याचा फेरफार पडलाय का, हे दोन्ही बघायचं. आदेश आहे पण फेरफार नाही, असंही असतं.

बाकीचं चर्चेत येईलच.

---

वरकस

उत्तम विषय. वाखूसा (वाचनखूण साठवली).

वरच्या मुद्द्याला एक जोड. त्या अधिनियमातल्या बऱ्याच जमिनींचा आधार म्हणजे भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ३५(३) खालच्या जुन्या नोटिसा (रानातल्या तोडीवर बंधन घालण्याआधी मालकाला द्यायच्या). नोटीस नुसती काढून चालत नाही, ती मालकावर बजावली गेली असली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ ला गोदरेज अँड बॉइसच्या निकालात म्हटलं. त्यामुळे 'शेरा आहे म्हणजे सगळं संपलं' असंही नाही आणि 'निकाल लागला म्हणजे सुटलो' असंही नाही. बजावणीचा पुरावा प्रत्येक गटाचा वेगळा.

खरी गोम आकड्यांची आहे. या नोटिसा सर्व्हे नंबरवर निघाल्या. पुढे पुणे जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत जमिनींच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं आणि गट नंबर आले. आजच्या गट ११४ मध्ये जुने तीन सर्व्हे नंबर अर्धे-मुर्धे असू शकतात. म्हणून एकत्रीकरणाचा नऊ-तीन, नऊ-चार उतारा (जुन्या-नव्या नंबरांचा मेळ दाखवणारा) काढल्याशिवाय 'आमच्या गटावर नोटीस नाही' हे कुणाचं वाक्य ग्राह्य धरू नका. मालक खोटं बोलत नसतो, त्याने फक्त नवा नंबर शोधलेला असतो.

---

पानझड

आमच्या भावकीचं १८ एकर रान आहे, वेल्ह्याकडे. ऐन, किंजळ, हिरडा, ओढ्याच्या कडेला जांभूळ आणि अंजनी. तोडायचं नाही यावर घरात एकमत आहे. एखाद्या संस्थेला ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यावं म्हणतो, म्हणजे पुढची पिढी विकणार नाही. बरोबर आहे का?

---

वरकस

पानझड, भाडेपट्टा नको. शेतजमीन पट्ट्याने दिली की कुळकायदा मधे येतो. १ एप्रिल १९५७ नंतर लागलेल्या कुळालाही कलम ३२-ओ खाली खरेदीचा हक्क सांगता येतो. संस्था काही नांगर धरत नाही, त्यामुळे दावा टिकेल-न टिकेल, पण 'कूळ लागेल' हा शब्द बैठकीत कुणी काढला की बाकीचे हिस्सेदार उठून जातात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही. शिवाय एक वर्षावरचा पट्टा नोंदवावा लागतो, मुद्रांक लागतो.

रान संस्थेला विकणं तर त्याहून अवघड. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही (त्याच कायद्याचं कलम ६३), न्यासाला किंवा कंपनीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

---

कातळमाथा

सहमत. अमेरिकेत जमिनीवर कायमचा 'संवर्धन हक्क' नोंदवून ठेवतात, मालक बदलला तरी तो जमिनीला चिकटून राहतो. आपल्याकडे तशी थेट सोय नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात हक्क एका जमिनीच्या फायद्यासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो, नुसत्या संस्थेच्या नावे तो बसत नाही. म्हणून आपल्याकडे चालतो तो साधा करार:

ताबा, मालकी, वहिवाट सगळं मालकाकडेच राहतं, हे पहिल्याच कलमात. मालक ठरल्या मुदतीत काय करणार नाही ते स्पष्ट लिहायचं: उभी झाडं तोडणार नाही, कोळशाची भट्टी लावू देणार नाही, यंत्राने सपाटीकरण करणार नाही, रस्ता काढणार नाही. काय करू शकतो तेही तितकंच स्पष्ट: पडलेलं लाकूड, कवळं (छाटलेल्या पाल्याच्या फांद्या), गवत, हिरडा-बेहडा, मध, देवाचं कार्य, गुरांची जुनी वाट. दुसरी यादी जितकी लांब तितका करार टिकतो. 'रानात पाऊल टाकायचं नाही' असं लिहिणारे करार पहिल्या शिमग्यालाच मोडतात, होळीला लाकूड कुठून आणणार?

मुद्रांक किमान ५०० रुपयांचा, १०० चे दिवस ऑक्टोबर २०२४ मध्ये गेले. आणि करार नोंदवून घ्या. नोंदणी नसेल तर तो फक्त सही करणाऱ्याला बांधतो. जमीन विकली गेली की नवा मालक म्हणणार, मला काय माहीत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४० मुळे 'अमुक करायचं नाही' या प्रकारचं बंधन माहिती असलेल्या खरेदीदारावर लागू करता येतं. ते त्याला माहीत होतं हे दाखवायला नोंदणी हवीच, जाहीर नोटीसही दिलेली बरी.

---

गुंठेवारी_नको

एक कलम राहिलं. जमीन विकायची झाल्यास आधी संस्थेला विचारायचं, असं सगळे लिहितात. पण संस्था शेतकरी नाही, मग विचारून करणार काय? तिथे 'संस्था सुचवेल त्या शेतकरी व्यक्तीला त्याच भावात प्रथम संधी, ६० दिवसांत' असं लिहावं. आणि तशा दोन-चार व्यक्ती आधीच हाताशी ठेवाव्यात. प्लॉटवाला टोकन घेऊन दारात उभा असताना शोधाशोध जमत नाही.

पानझड, तुमच्या १८ एकरांत सह्या किती लागतील? सामाईक खात्यावरच्या सगळ्यांच्या. वारसनोंद राहिलेली असते, बहिणींची नावं लागलेली नसतात, ए.कु.मॅ. (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून एकाचंच नाव चालू असतं आणि बाकीचे मुंबईत. एक बहीण वगळून केलेला करार तिच्या हिश्शापुरता कागदाचा तुकडा आहे. आधी वारसनोंदी, मग कुलमुखत्यारपत्र, मग करार. एवढ्यात वर्ष जातं, ते धरूनच चाला.

---

पानझड

अकरा सह्या. दोन आत्या हयात नाहीत, त्यांची मुलं धरून. समजलं.

मोबदला कसा ठरतो?

---

गुंठेवारी_नको

ठेकेदाराच्या भावावरून मागे मोजत यायचं. समजा तो एकरी २४ हजार देतो आणि तोड १२ वर्षांनी एकदा होते. म्हणजे रान मालकाला वर्षाला एकरी २ हजार देतं. तुम्ही वर्षाला २ हजार दिलेत तर कागदावर बरोबरी झाली, पण माणूस बरोबरी मानत नाही, कारण ठेकेदार लग्नाच्या हंगामात रोख आणि एकदम देतो. त्यामुळे पहिल्या वर्षी मोठा हप्ता, मग दरवर्षी छोटे, आणि शेवटचा हप्ता मुदत संपल्यावर, पुन्हा मोठा. सगळी रक्कम आधी दिली तर सातव्या वर्षी तुमच्या हातात काही उरत नाही. सगळी मागे ठेवली तर सही होत नाही.

प्लॉटच्या भावाशी मात्र स्पर्धा करू नये. रस्त्याला लागून असलेला, धरणाचं पाणी दिसणारा तुकडा मोबदल्याने वाचत नाही. आतली, चढाची, वाट नसलेली रानं घ्या. कुणाला हे पटणार नाही, पण पैसा मोजका असताना रस्त्याकडेचे दोन एकर की आतले तीस, हे ठरवावंच लागतं.

पैसे क्षेत्रावर द्यायचे तर पोटखराबा (ब) वजा करा. ते रस्ता, पाणवठा, स्मशान अशा सार्वजनिक कामाचं क्षेत्र, मालक ते राखतो म्हणून पैसे मागू शकत नाही. पोटखराबा (अ), म्हणजे शेतीला नालायक खडकाळ भाग, हेच तर बहुतेक वेळा तुमचं जंगल असतं.

---

मावळतीकडे

पण तोडीला परवानगी लागतेच ना? १९६४ चा वृक्षतोड अधिनियम आहे. मग कायद्यानेच थांबत नाही का?

---

कातळमाथा

त्या कायद्याच्या अनुसूचीत मोजक्या जाती आहेत: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिबला, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी. यातला अंजन म्हणजे खानदेश-विदर्भाकडचा उंच वृक्ष, आपल्या घाटातली निळ्या फुलांची अंजनी नव्हे. पिसा, भोमा, गेळा, वारस, अंजनी यांतलं काही अनुसूचीत नाही. उतारावरच्या दाट रानाचा मोठा भाग याच झाडांचा असतो.

दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन आदेशाने 'वन' शब्दाला शब्दकोशातला अर्थ दिला, मालकी कुणाचीही असो. पण एखादा गट त्या व्याख्येत बसतो का हे ठरवण्याचे वाद आहेत, आणि वनसंवर्धन कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते वाढलेत. कायदा पाठीशी ठेवावा, त्याच्या भरवशावर झोपू नये. आणि मालकाला कायद्याची भीती घालून करार करू नये. घाबरलेला मालक सही करण्याआधी रान साफ करून टाकतो, 'जंगलच नाही, मग कसला कायदा'.

---

रानजाई

कागद झाले असतील तर रानात येऊ या.

करार झाला त्या दिवशी रान कसं होतं याची नोंद नसेल तर पाच वर्षांनी 'तोड झाली' हे सिद्धच करता येत नाही. त्यासाठी १० × १० मीटरचे चौकोन टाकतात. १०० चौरस मीटर म्हणजे बरोबर एक आर, सातबाऱ्यावर 'हे. आर' मधला आर, गुंठ्याला जवळजवळ तितकाच. मालकाला समजावताना हे फार सोपं जातं: 'तुमच्या रानातले दहा आर आम्ही झाडन् झाड मोजले.'

चूक होते ती उतारावर. सातबाऱ्याचं क्षेत्र आडव्या पातळीतलं असतं. ३० अंशांच्या चढावर टेप जमिनीला टेकवून १० मीटर ओढलात तर आडवं अंतर ८.६६ मीटरच भरतं. चौकोन लहान होतो आणि एकरी झाडं कमी दिसतात. तिथे चढाच्या दिशेने टेप ११.५५ मीटर ओढायचा. नाहीतर टेप आडवा धरून पायरी-पायरीने, ओळंबा सोडत उतरायचं. मोबाइलमध्ये उताराचा कोन दाखवणारी ॲप आहेत, चालतात.

घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, झाडाच्या चढाकडच्या बाजूने. खुंटातून आलेले फुटवे असतील तर प्रत्येक फुटव्याचा घेर वेगळा लिहा आणि कंसात 'एकाच खुंटाचे ५' अशी नोंद करा. हे न केल्यास तोडलेलं रान कागदावर न तोडलेल्यापेक्षा दाट दिसतं. जिथे घेर घेतला तिथे ऑइल पेंटची बारीक रेघ मारा, पुढच्या वेळी दुसरा माणूस वर-खाली मोजणार नाही.

फोटोच्या जागा ठरलेल्या आणि महिनाही ठरलेला हवा. ऑक्टोबरचं हिरवंगार रान आणि मार्चचं पानगळीचं रान शेजारी लावलं तर देणगीदाराला वाटतं सगळं कापलं.

---

वरकस

रानजाई, झकास. हद्दीबद्दल लिहितो.

महाभूनकाशाची (शासनाच्या ऑनलाइन गटनकाशाची) रेघ उपग्रहचित्रावर टाकून 'ही तुमची हद्द' असं कधीच सांगू नका. डोंगरी गटांत ती रेघ वीस-तीस मीटर सरकलेली सहज सापडते, म्हणजे आख्खा ओढा इकडचा तिकडे. सरकारी मोजणी करून 'क' प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) घ्या. सहधारकांना आणि लगतधारकांना नोटीस जाते, हे कटकटीचं वाटलं तरी तेच फायद्याचं, कारण शेजारी त्या दिवशी हजर असतो. पावसाळा आणि लगेचचा काळ टाळा, कारवीच्या दाट झुडपांत माणूस दिसत नाही. दाट झाडीखाली रोव्हरला (उपग्रहावरून जागा घेणाऱ्या मोजणीयंत्राला) उपग्रह नीट मिळत नाहीत. मोकळ्यावर बिंदू घेऊन तिथून फीत टाकून आत जावं लागतं, आणि मोजणीदाराला घाई असेल तर तो हेच टाळतो. त्यासाठी आदल्या दिवशी हद्दीची वाट कोयत्याने मोकळी करून ठेवा, हद्दीचे जुने दगड शोधून चुना मारून ठेवा.

---

मावळतीकडे

जाळरेषा (वणवा अडवायला गवत जाळून केलेली मोकळी पट्टी) कधी काढायची? आमच्या गावात फेब्रुवारीत काढतात.

---

रानजाई

उशीर झाला. वनखात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो, रेषा त्याआधी तयार हवी.

गवत पिवळं पडू लागलं की, म्हणजे नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर, दोन कडा कापून घ्यायच्या. मधलं गवत वाळलं की जानेवारीत जाळायचं: सकाळी लवकर, दव असताना, वारा पडलेला असताना, निदान सहा माणसं, पाठीवरचे १६ लिटरचे दोन फवारणी पंप भरलेले. आधी ग्रामपंचायत, वनरक्षक आणि लगतचे मालक यांना कळवून. रुंदी आतल्या भागात ३ मीटर पुरते, गवताळ सोंडेवर ५-६ मीटर ठेवा.

जागा निवडताना सोंडेची धार किंवा पायवाट धरा. उताराच्या मध्यात आडवी काढलेली रेषा फसते. आग खालून वर धावत येते तेव्हा ज्वाळा रेषेवर ओणवतात. वरून येत असेल तर जळके ओंडके आणि शेणी घरंगळत रेषा ओलांडतात. बारमाही ओल असलेला, अंजनी-जांभळाचा ओहोळ ही आयती जाळरेषा आहे, तिथे कापाकापी करून ऊन आत घेऊ नका.

सगळ्यात जास्त रेषा वाया जातात त्या मार्चमध्ये. जानेवारीत लख्ख असलेल्या रेषेवर नंतर ऐन-किंजळाची पानगळ होऊन पाचोळ्याचा थर बसतो आणि आग त्यावरून सरळ चालत जाते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा गुढीपाडव्याच्या सुमारास झाडून घ्या. पाठीवरचा लीफ ब्लोअर असेल तर खराट्यापेक्षा काम कितीतरी लवकर उरकतं. हे मजुरीच्या अंदाजपत्रकात कुणीच धरत नाही!

कारवी सामूहिक फुलून गेली की वाळते. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तेच रान दुप्पट जोराने पेटतं, त्या वर्षी रेषा रुंद करा.

---

कातळमाथा

उपग्रहाच्या इशाऱ्यांवर विसंबणाऱ्यांसाठी: भारतीय वन सर्वेक्षणाचे एसएमएस घ्या, मोफत आहेत. पण व्हीआयआयआरएसचा (उपग्रहावरच्या आग टिपणाऱ्या उपकरणाचा) एक ठिपका ३७५ मीटरचा, म्हणजे जवळपास १४ हेक्टर, ३५ एकर. पानझड यांच्यासारखी जवळपास दोन रानं त्यात मावतात. आग कोणत्या गटात हे तो सांगत नाही. तो उपग्रह साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास जातो, दुपारी चारला लागलेला वणवा त्याला रात्री दिसणार. समोरच्या वाडीतल्या दोन गुराख्यांचे फोन नंबर जास्त कामाचे.

आग विझली असं वाटल्यावर लगेच खाली उतरू नये. पडलेला ओंडका आतून धुमसत राहतो आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या वाऱ्याला पुन्हा पेटतो. कड फिरून हाताच्या मागच्या बाजूने उष्णता बघायची, ओंडके उकरून आतल्या बाजूला ढकलायचे. आणि पेटत्या उताराच्या वरच्या अंगाला उभं राहायचं नाही, कितीही छोटी आग असो.

---

मावळतीकडे

झाडं लावण्याबद्दल कुणीच काही बोललं नाही.

---

रानजाई

कारण बहुतेक ठिकाणी लावायची गरज नसते. खुंट जिवंत असेल तर दोन-तीन पावसाळ्यांनंतर डिसेंबर-जानेवारीत फुटवे विरळ करा. समोरासमोरचे दोन जोमदार ठेवून बाकीचे खुंटाशी धारदार करवतीने कापा. वाऱ्याच्या धारेवर तीन ठेवा, दोघांतला एक हमखास मोडतो. करारात 'झाड तोडणार नाही' असं असेल तर हे काम अपवाद म्हणून आधीच लिहून ठेवा. अनुसूचीतल्या जातीचे फुटवे असतील तर वनपालाला विचारून. सड्यावर (खडकाळ पठारावर) खड्डे खणून रोपं लावू नका, तो माळ आहे, उजाड जंगल नाही. गिरिपुष्प आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून हिरवं करणाऱ्यांना नमस्कार.

---

पानझड

शेवटचा प्रश्न. पुतणी बॉटनी करून या क्षेत्रात येऊ म्हणते. काय शिकावं? आणि मालकीच्या रानाला सरकारी संरक्षण मिळतं म्हणतात, ते काय?

---

वरकस

पुतणीला जीआयएस (संगणकावरचं नकाशाकाम) शिकू दे, पण त्याआधी एका तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जुने उतारे काढायला आणि मोडीतले फेरफार वाचून घ्यायला बसवा. वनस्पतिशास्त्र येणारे पुण्यात मुबलक आहेत, गटबुक आणि करवंद दोन्ही ओळखणारे फार थोडे. पुण्यातली, १९९४ मध्ये सुरू झालेली एईआरएफ (अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन) संस्था कोकण-घाटात गावकऱ्यांशी करार करून रानं राखतेय आणि तिथल्या हिरड्या-बेहड्याला फेअरवाइल्ड (रान न ओरबाडता माल गोळा केल्याचं) प्रमाणपत्र मिळालंय. उभ्या रानातून उत्पन्न कसं निघतं ते तिने बघावं.

सरकारी संरक्षण म्हणजे वन्यजीव अधिनियमाचं कलम ३६-क, सामुदायिक राखीव. मालकाने स्वतःहून पुढे आलं तर खासगी जमिनीवरही शासन ते घोषित करू शकतं. मालकी जात नाही. मात्र त्यानंतर जमिनीचा वापर बदलायचा तर व्यवस्थापन समितीचा ठराव आणि शासनाची मान्यता दोन्ही लागतात. म्हणजे सोडून द्यायचं मनात आलं तर सहज सुटत नाही. अकरा जणांच्या सह्या घेताना हे अकरांनाही वाचून दाखवा, आणि आधी दहा वर्षांचा साधा करार करून बघा.

---

गुंठेवारी_नको

आणि करारानंतर वर्षातून दोन फेऱ्या ठेवा, पावसानंतर एक आणि एप्रिलमध्ये एक. नवे खुंट, राखेचे ढीग, जेसीबीच्या साखळीचे ठसे, हलवलेले दगड, सिमेंटचे खांब, हे बघायचं. खुंटावर फूटपट्टी ठेवून फोटो, घेर, जागा. अहवालावर मालकाचीही सही तिथल्या तिथे घ्या. तोड किंवा वणवा चालू दिसला तर स्वतः ठेकेदाराशी भिडू नका, वनखात्याची हेल्पलाइन १९२६. गट नंबर, गाव आणि जवळची वाडी तोंडपाठ असू द्या, फोनवर पहिलं तेच विचारतात.